चार तासांची उणीव

नोकरी सुटणें म्हणजे काय, हें आपल्याकडील सर्व घरांना ठाऊक आहे. नोकरी सुटली कीं चार आप्त समाचाराला येतात, कोणी ओळखीच्या साहेबांकडे शब्द टाकतो, घरांतील वडील माणसें धीर देतात. परंतु नोकरी जागच्या जागीं राहावी, सकाळचा डबा पूर्वींसारखाच भरला जावा, आणि कामाचे तास तेवढे तृतीयांशानें उडून जावेत, या प्रकाराला आपल्या भाषेंत अजून धड नांवही नाहीं. धंदा मंदावला असतां माणसाला काढून न टाकतां त्याचे तास छाटावयाचे, ही रीत विलायतेंत चांगलीच रूढ आहे. मालकाच्या दृष्टीनें ती माणुसकीची ठरते आणि अजिबात घरीं बसविण्यापेक्षां मलाही ती बरी वाटते. मात्र तिच्या मागोमाग दुसरें एक नुकसान येतें. तें पगाराच्या कागदावर कोठेंच दिसत नाहीं. त्याविषयींच आज लिहावयाचें आहे.

आम्ही रेडिंग गांवीं राहतों. लंडनच्या पश्चिमेस बर्कशायर परगण्यांतलें हें गांव. २०१३ सालीं आमची थोरली मुलगी नऊ वर्षांची होती आणि धाकटा पांच वर्षांचा. हे एका मालगुदामांत नोंदणीच्या कामावर होते. त्या वर्षीं सप्टेंबरांत गुदामाच्या चालकांनीं सर्वांना एकत्र बोलावून काम कमी झाल्याचें सांगितलें, आणि ह्यांचे आठवड्याचे तीस तास वीसांवर आले.

संसाराची वही मीच ठेवतें, तेव्हां आंकडे मला तोंडपाठ आहेत. तीस तासांचे २७० पौंड होत. आयकर आणि राष्ट्रीय विम्याची वर्गणी वजा जातां सुमारें २३८ हातीं पडत. वीस तासांचे झाले १८०. पण वर्षाची प्राप्ती ९,४४० पौंडांच्या आंत असली तर त्या सालीं आयकर बसत नसे. त्यामुळें हातीं सुमारें १७६ येऊं लागले. तृतीयांश पगार गेला खरा, परंतु हातांतील घट चतुर्थांशाहून थोडीच अधिक होती. एवढ्यावर भागलें असतें तर ओढाताण करून का होईना, निभावलें असतें. खरी खोट निराळ्याच ठिकाणीं होती.

इंग्लंडांत एप्रिल २००३ पासून ‘वर्किंग टॅक्स क्रेडिट’ नांवाची मदत सुरू झाली होती. नांवांत कर आहे, पण ती कराची सूट नव्हे. काम करूनही ज्या घराचें पुरतें भागत नाहीं अशा घराला कर-खात्यानें दिलेली ती भर होती. बेकारांसाठीं निराळ्या योजना होत्या; ही मदत काम करणाऱ्यालाच मिळे. घराची प्राप्ती वर्षाला ६,४२० पौंडांच्या वर जितकी जाई, तितक्या प्रत्येक पौंडामागें ४१ पेन्स कापून उरलेली रक्कम खात्यांत जमा होत असे. आमच्या वांट्याला ती आठवड्यास सुमारें ३० पौंड येई. परंतु तिला एक अट होती. मुलेंबाळें असलेल्या जोडप्यानें दोघांचे मिळून आठवड्यास किमान चोवीस तास काम केलें पाहिजे, आणि त्यांपैकीं एकानें तरी सोळा तास केले पाहिजेत. २०१२ च्या एप्रिलापूर्वीं नुसते सोळा तास पुरत. त्या वसंतांत सरकारनें खर्चाला कात्री लावतांना सोळाचे चोवीस केले. ह्यांचे तास वीस आणि माझे शून्य. म्हणजे चार तास उणे.

याचा अर्थ वाचकांच्या ध्यानांत आला असेलच. ज्याचें काम कमी झालें त्याला मदतीची गरज अधिक. पण काम अमुक रेषेखालीं गेलें कीं मदतच बंद. दुखणें वाढलें म्हणून वैद्यानें औषध थांबवावें, तसें हें झालें. तास रेषेखालीं गेल्यावर पुढील चार आठवडे रक्कम चालू राही, एवढीच कायद्याची दया. आणि तास घटल्याची वर्दी महिन्याच्या आंत द्यावी लागे. न दिली तर जास्त गेलेली रक्कम परत करावी लागे, शिवाय ३०० पौंडांपर्यंत दंड. ह्यांनीं दुसऱ्याच दिवशीं दूरध्वनीवर पाऊण तास ताटकळत बसून वर्दी दिली. मला त्या वेळीं त्यांची घाई पटली नव्हती. पण पुढें ओळखीच्या दोन घरांत अशा परतफेडीचीं पत्रें आलेलीं पाहिलीं, तेव्हां त्या पाऊण तासाची किंमत कळली.

पगारांतले ६२ आणि मदतीचे ३० मिळून आठवड्यास ९२ पौंडांचें भगदाड पडलें. राहिलें काय, तर ‘चाइल्ड टॅक्स क्रेडिट’ आणि ‘चाइल्ड बेनिफिट’, या मुलांच्या नांवें मिळणाऱ्या दोन रकमा. त्या तासांवर अवलंबून नव्हत्या. पहिली आठवड्यास ११५ पौंडांच्या घरांत होती, दुसरी दोन मुलांची मिळून ३३ पौंड ७० पेन्स. घर आमचें स्वतःचें, म्हणजे बँकेचें. कामावर असलेल्या घरमालकाला हप्त्यासाठीं त्या वेळीं सरकार कांहीं देत नसे. भाडेकरूला भाड्यापुरती मदत मिळूं शकते. सुदैवानें २००९ सालच्या मार्चापासून बँक ऑफ इंग्लंडचा व्याजदर अर्धा टक्का होता आणि आमचा हप्ता त्यामुळें बराच उतरला होता. नगरपालिकेनें आपल्या करांत थोडी सूट दिली. बाकी सारें आम्हांलाच भरून काढावयाचें होतें.

येथें थोडें विषयांतर करतें. ‘चाइल्ड बेनिफिट’ ही रक्कम आमच्या घरांत माझ्या खात्यांत येई. या पद्धतीच्या मागें एलिनॉर रॅथबोन नांवाच्या बाईंची तपश्चर्या आहे. १९२४ सालीं त्यांनीं या विषयावर ग्रंथ लिहिला, वीस वर्षें पार्लमेंटच्या आंत व बाहेर झगडल्या, आणि १९४५ सालीं कायदा येत असतां रक्कम बापाच्या हातीं द्यावी असा मसुदा निघाला, तेव्हां त्यांनीं निक्षून विरोध केला. शेवटीं ती आईच्या हातीं द्यावयाचें ठरलें. दुसऱ्या मुलापासून पुढें दर मुलास आठवड्यास पांच शिलिंग. पहिलें वाटप १९४६ च्या ऑगस्टांत झालें. बाई त्याच वर्षाच्या जानेवारींत वारल्या होत्या. भारतांतील बालविवाहांविषयीं त्यांनीं जें लिहिलें तें आपल्याकडील अनेक सुशिक्षित स्त्रियांना रुचलें नाहीं, आणि त्यांत तथ्यही होतें. तरी त्या हिवाळ्यांत पोस्टाच्या पेढीवरून पैसे काढतांना मला त्या बाईंची आठवण होत असे.

आतां पुण्याकडची गोष्ट. आम्ही दरमहा ६० पौंड घरीं पाठवीत असूं. सासूबाईंचीं औषधें आणि दिवसभर सोबतीला ठेवलेली बाई, यांचा खर्च त्यांतून चाले. ह्यांचें म्हणणें असें कीं, ही रक्कम एक पैशानेंही कमी करावयाची नाहीं आणि तासांची गोष्ट पुण्यास कळवावयाची नाहीं. येथें आपण एक वेळ मोटार विकूं. ह्यांचें मन मला समजत होतें. परदेशीं गेलेल्या मुलाची मिळकत हा एकत्र कुटुंबांत नुसता पैसा नसतो. त्यावर आईवडिलांची मान उंच राहिलेली असते. पण एकत्र कुटुंबाचा खरा उपयोग कोणता? एकाचा हात आंखडला तर दुसऱ्यानें तो लांबवावयाचा, हाच ना? मग ज्या दिवशीं त्याची गरज पडली त्याच दिवशीं तें लपवून ठेवणें मला पटेना. दोन रात्री आमच्यांत यावर बोलणें झालें. अखेर ह्यांनीं ‘तूं लिही’ एवढेंच म्हटलें. मीं जाऊबाईंना सविस्तर लिहिलें, आंकड्यांसह.

जाऊबाईंचा दूरध्वनी रविवारीं आला. “अग, एवढंच ना? तुमच्या भाऊजींनीं कालच त्या बाईचा पगार आपल्याकडे घेतला. तुम्हीं औषधांपुरते पाठवा, आणि जमेल तेव्हां पाठवा,” असें म्हणून त्यांनीं लगेच मुलांच्या शाळेचा विषय काढला. मला गहिंवरून आलें, परंतु त्यांनीं तें दाखवूं दिलें नाहीं.

मामंजींचें मात्र पत्र आलें. ते आयुष्यभर शिक्षक. पत्र लिहिल्याशिवाय कोणतीही गोष्ट त्यांना पुरी झालीशी वाटत नाहीं. तासांविषयीं त्यांनीं चकार शब्द काढला नाहीं. त्यांचा प्रश्न निराळाच होता. “चि. सौ. सूनबाई, सरकारकडून दरमहा पैसे घेतां हें आम्हांस आजवर ठाऊक नव्हतें. हा धर्मादाय आहे कीं हक्क, तें कळवावें. आपल्या घरांत प्रतिग्रह कोणीं घेतला नाहीं.”

या पत्राला उत्तर देण्यास मला आठ दिवस लागले. रेडिंगहून सत्तावीस-अठ्ठावीस किलोमीटरांवर न्यूबरी गांव आहे, आणि त्याला लागूनच स्पीनहॅमलँड ही जुनी वस्ती. तेथील पेलिकन नांवाच्या खाणावळींत ६ मे १७९५ रोजीं परगण्याचे मॅजिस्ट्रेट जमले होते. फ्रान्सशीं युद्ध चालू, पीक बुडालेलें, पाव महाग. शेतमजुरांची मजुरी पुरेना. मजुरी वाढविण्याचा हुकूम काढण्याऐवजीं त्यांनीं ठरविलें कीं, मोठ्या पावाची किंमत एक शिलिंग असतां मजुराला स्वतःसाठीं आठवड्यास तीन शिलिंग आणि बायको व प्रत्येक मुलासाठीं दीड शिलिंग मिळालें पाहिजे. मजुरी जितकी कमी पडेल तितकी भर गांवच्या गरीब-पट्टींतून घालावी. पाव महागला कीं भरही वाढे. हा पार्लमेंटचा कायदा नव्हता, पण दक्षिण इंग्लंडांत अनेक परगण्यांनीं हीच पद्धत उचलली. पुढें तिच्यावर मोठा गहजब झाला. गांव भर घालतोच आहे, मग आपण मजुरी कशाला वाढवा, असें जमीनदार म्हणूं लागले, हा एक आक्षेप. मजूर आळशी बनले, हा दुसरा. १८३४ च्या कायद्यानें धडधाकट माणसाला घरबसल्या मदत देण्यावर गदा आणली आणि ‘वर्कहाउस’चें युग सुरू झालें. १७९५ च्या त्या ठरावानें खरोखर किती अनर्थ झाला, यावर अर्थशास्त्रज्ञ अजून भांडतात. मला स्वतःला पहिला आक्षेप खोटा वाटत नाहीं; ह्यांच्या गुदामांत तासाचा दर वाढेना त्याला सरकारची ही भरही थोडीफार कारण असेल. पण तो आक्षेप मालकावर आहे, घेणाऱ्यावर नाहीं.

मामंजींना मीं एवढेंच लिहिलें कीं, ह्यांच्या पगारांतून दहा वर्षें कर व विम्याची वर्गणी कापली गेली, ती आमच्या नांवानें सरकारदरबारीं नोंदलेली आहे. ज्या सामाईक पेटींत आम्हीं भर टाकली तींतून नियमानें जें येतें तें घेण्यांत प्रतिग्रह नाहीं. आणि सध्यां तर तेंही बंद झालें आहे. उत्तरीं त्यांचें कार्ड आलें. त्यांत “समजलें” एवढाच शब्द होता, आणि खालीं सासूबाईंच्या प्रकृतीची हकीकत. समजलें याचा अर्थ पटलें असाच होतो कीं काय, हें मीं आजवर विचारलेलें नाहीं.

मग त्या चार तासांचा शोध सुरू झाला. ह्यांना दुसरीकडे चार तास मिळेनात, कारण गुदामाची पाळी दर आठवड्याला बदले. धाकटा त्याच वर्षीं पूर्ण वेळ शाळेंत रमूं लागला होता, म्हणून मींच काम पाहावयाचें ठरलें. मुंबई विद्यापीठाची एम्. ए. असलेली बाई काय काम करते, याविषयीं येथील मराठी मंडळींत थोडी कुजबुज झाली असेल. ती माझ्या कानांपर्यंत कोणीं आणली नाहीं, याबद्दल मी त्यांची आभारी आहे. नोव्हेंबरांत एका प्राथमिक शाळेंत मधल्या सुटीच्या देखरेखीचें काम मिळालें. रोज एक तास, आठवड्याचे पांच. मुलांचे डबे उघडून द्यावयाचे, सांडलेलें पुसावयाचें, पटांगणांत कोणी पडलें तर गुडघा धुवावयाचा. त्या वेळच्या किमान दरानें, म्हणजे तासाला ६ पौंड ३१ पेन्सप्रमाणें, आठवड्यास ३१ पौंड ५५ पेन्स. ह्यांचे वीस आणि माझे पांच मिळून पंचवीस झाले! शाळांना सुट्या असल्या तरी अशा कामाचे तास तुटले असें धरीत नसत, ही चौकशी मीं आधींच करून ठेवली होती.

जाऊबाईंना सांगितलें तेव्हां त्या म्हणाल्या, “म्हणजे मुलांना जेवूं घालतेस होय? मग त्यांत वाईट काय आहे ग?”

आतां पुढचा हिशेब ऐका, कारण तो मला अजून नवलाचा वाटतो. मदत पुन्हां सुरू झाली, पण पहिली तीस नव्हे. आठवड्यास सुमारें १५ पौंड. तीस तासांमागें मिळणारा जादा भाग गेला होता, आणि प्राप्ती मागील वर्षापेक्षां अडीच हजार पौंडांपर्यंत घटली तर ती घट त्या वर्षीं विचारांतच घेत नसत. म्हणजे खातें आम्हांला अजून पहिल्याच पगाराचे समजत होतें. हें एक. दुसरें असें कीं, मदत बंद होती त्या आठवड्यांत मुलांना शाळेंत फुकट जेवण मिळूं लागलें होतें. कारण त्या वेळीं नियम असा होता कीं, ज्या घराला मुलांची रक्कम मिळे पण कामाची मदत मिळत नसे, आणि प्राप्ती १६,१९० पौंडांच्या आंत असे, त्या घरच्या मुलांना फुकट जेवण. शाकाहारी ताट वेगळें असे; मुलगी तें आवडीनें खाई, धाकटा मात्र रोज घरच्या पोळीची आठवण काढी. कामाची मदत सुरू होतांच जेवण बंद. दोघांच्या जेवणाचे दिवसाला चार पौंड धरले तर शाळेच्या आठवड्यांत वीस पौंड झाले. शाळा वर्षांत एकोणचाळीस आठवडे भरते, म्हणजे ७८० पौंड. आणि मदतीचे आठवड्यास पंधराप्रमाणें वर्षाचे होत तेही ७८० च. एका हातानें दिलें तें दुसऱ्या हातानें काढून घेतलें, आणि तेंही नेमकें तेवढेंच. कोणीं मुद्दाम मोजून केलें असतें तर इतकें बरोबर जमलें नसतें. अर्थात् आम्हीं पुन्हां डबे सुरू केले. आणि डब्याला दोन पौंड लागत नाहींत, हें पोळी लाटणाऱ्या कोणाही बाईला सांगावयास नको. तेथें आमचा फायदा झाला. पुढील वर्षीं खात्याला घटलेली प्राप्ती दिसूं लागली आणि मदत अठ्ठावीस पौंडांच्या आसपास गेली. २०१४ च्या सप्टेंबरापासून इंग्लंडांतील पहिल्या तीन इयत्तांच्या सर्व मुलांना फुकट जेवण सुरू झालें, त्यांत धाकटा बसला.

घरांत काय काटकसर केली त्याचा पाढा वाचीत नाहीं. ती सर्वांच्या घरीं सारखीच असते. मोटार विकली. घर तापविण्याचें यंत्र संध्याकाळीं दोन तास लावीत असूं आणि त्या दोन तासांत सर्वजण एकाच खोलींत बसूं. मुलीच्या कथ्थकच्या वर्गाची फी तेवढी चालू ठेवली. ती बंद करावी असें मुलीनेंच सुचविलें होतें, म्हणूनच ती बंद करावयाची नाहीं असें ह्यांनीं ठरविलें.

आणखी एक गोष्ट सांगावयाची राहिली, आणि ती बहुतेक घरांच्या ध्यानांत येत नाहीं. २०१२ पासून तेथें नियम झाला कीं, मालकानें नोकराला निवृत्तिवेतनाच्या योजनेंत आपण होऊन दाखल करावें आणि स्वतःचीही भर घालावी. मोठ्या मालकांपासून आरंभ करून हा नियम टप्प्याटप्प्यानें लागू झाला. ह्यांच्या गुदामाची पाळी २०१४ सालीं आली. पण आपण होऊन दाखल करावयाचें तें वर्षाला १०,००० पौंडांहून अधिक मिळविणाऱ्यालाच. ह्यांची मिळकत ९,३६०. तास पूर्वींचेच असते तर नांव आपोआप चढलें असतें. परंतु त्याच नियमांत दुसरें कलम असें कीं, दहा हजारांच्या आंत पण ५,७७२ च्या वर असलेल्यानें मागणी केली तर मालकाला त्याला घ्यावेंच लागे आणि आपली भरही घालावी लागे. पत्रांत तें बारीक अक्षरांत, मागल्या पानावर होतें. ह्यांनीं अर्ज केला. बरोबरीच्या सात जणांना दाखविला, तिघांनीं केला. भर त्या वेळीं एकच टक्का होती, पण ती पुढें वाढली.

ह्यांना २०१६ सालीं दुसरीकडे पूर्ण वेळेचें काम मिळालें. मी त्याच शाळेंत राहिलें, पुढें कचेरींत गेलें.

‘वर्किंग टॅक्स क्रेडिट’ आतां उरलें नाहीं. ५ एप्रिल २०२५ रोजीं तें संपलें. त्याच्या जागीं ‘युनिव्हर्सल क्रेडिट’ आलें आहे, त्याचा आरंभ २०१३ सालींच झाला होता. त्यांत चोवीस तासांची रेषा नाहीं. मिळकत ठराविक सूटीपलीकडे गेली कीं पौंडामागें ५५ पेन्स कापतात, आणि मिळकत घटली कीं त्याच प्रमाणांत रक्कम वाढते. तास घटलेल्या घराला ही पद्धत जुन्यापेक्षां पुष्कळ न्यायाची आहे, असें माझें स्पष्ट मत आहे. परंतु पहिला पैसा हातीं येण्यास पांच आठवडे लागतात, आणि १६,००० पौंडांहून अधिक शिल्लक असली तर कांहींच मिळत नाहीं.

गेल्या हिवाळ्यांत नागपूरकडील एक मुलगी माझ्याकडे आली होती. नवऱ्याचे तास कमी झालेले, आणि एका महिन्यांत रक्कम एकाएकीं निम्म्याहून खालीं आलेली. कारण शोधूं गेलों तर असें निघालें कीं, त्याला पगार दर चार आठवड्यांनीं मिळतो आणि मदतीचा हिशेब मात्र दर महिन्याचा. त्यामुळें वर्षांतून एकदां दोन पगार एकाच महिन्यांत पडतात आणि घर एकदम श्रीमंत दिसूं लागतें. मीं तिला एक वही दिली, तिच्या हिशेबाच्या महिन्याची पहिली तारीख वर लिहून दिली, आणि पुढील वर्षीं तो महिना कोणता येईल तें आम्हीं दोघींनीं दिनदर्शिकेवर मोजून लाल शाईनें खूण केली.